कोणती पावडर चांगली, मॅडम?

पत्र असं आहे, थोडं छाटून:

«डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी जत तालुक्यातला. चाकणची नोकरी सोडून आठ महिने झाले. गावी बंदिस्त मेंढीपालन सुरू केलंय. लहानमोठी ४२ माडग्याळ जनावरं आहेत, त्यातले १४ नर बकरी ईदसाठी तयार करतोय. रोज सकाळी प्रत्येकी ६०० ग्रॅम मक्याचा बारीक भरडा एकदाच देतो. चारा म्हणजे कडब्याची बारीक कुट्टी आणि बांधावरचा सुबाभूळ, तो पोटभर. व्हिडिओ बघून प्रोबायोटिक पावडर, लिव्हर टॉनिक, एन्झाइमची पुडी आणि बी-कॉम्प्लेक्स चालू केलंय. घरच्या गाईचं खनिज मिश्रणही टाकतो. महिन्याला साडेचार हजार जातात. तरी लेंडी पातळच, काही नर दात खातात, दोन मेंढ्यांची लोकर मूठमूठ निघते. पंधरा दिवसांपूर्वी रात्री खोलीची कडी निघाली आणि सात मेंढ्यांनी भरड्याच्या पोत्यावर ताव मारला. सातही आजारी पडल्या, दोन गेल्या. शेजाऱ्यानं आंबट ताक पाजायला लावलं, दुकानदारानं हगवणीच्या गोळ्या दिल्या. आमचे आबा म्हणाले, चांगल्या मेंढीच्या तोंडातला रवंथ काढून आजारीच्या तोंडात घाल. मला तर हसूच आलं. मेंढरू हिंडलं पाहिजे, हा त्यांचा धोशा चालूच असतो. मॅडम, प्रोबायोटिक कोणत्या कंपनीचं घेऊ? आणि डोस वाढवू का?»

आबांना हसलात, तिथूनच सुरुवात करते. तुमच्या अख्ख्या पत्रात खरं प्रोबायोटिक, म्हणजे पोटाच्या उपयोगाचे जिवंत जंतू, त्यांनी एकट्यांनीच सुचवलंय.

मेंढीला स्वतःला कडबा पचत नाही. तुम्हाला नाही, मला नाही, तसा तिलाही नाही. कडब्यातला काष्ठमय धागा तोडणारा रसच तिच्या शरीरात तयार होत नाही. तिच्याकडे असतं ते कोटीपोट. डाव्या भकाळीखाली, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट भागाखाली, पसरलेली ही मोठी पिशवी, आत ३९ अंश ऊब, हवा जवळपास नाहीच आणि भरपूर लाळ. या पिशवीत जंतूंचं एक अख्खं गाव नांदतं. त्यातल्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये १,००० कोटींच्या घरात जिवाणू असतात. शिवाय लाखांच्या हिशेबात आदिजीव, म्हणजे जिवाणूंपेक्षा मोठे एकपेशीय जीव, आणि थोड्या प्रमाणात बुरशी. ही बुरशी मोठी मजेची. तिची पोहणारी पिल्लं शास्त्रज्ञ कित्येक वर्षं आदिजीवच समजत होते. १९७५ साली इंग्लंडमध्ये कॉलिन ऑर्पिन यांनी मेंढीच्याच पोटातल्या नमुन्यावरून दाखवून दिलं की ही बुरशी आहे, आणि तीही हवेशिवाय जगणारी. तोवर हवेशिवाय जगणारी बुरशी असू शकते यावर कुणाचा विश्वास नव्हता. कडब्याच्या काडीत मुळ्या घालून ती काडी आतून फोडते.

परळच्या पशुवैद्यक कॉलेजात शिकत असताना पहिल्यांदा कोटीपोटाच्या पाण्याचा थेंब काचेखाली पाहिला, तो दिवस अजून आठवतो. कोमट थेंबात केसाळ, गोलमटोल जीव इकडून तिकडे धावत होते, संध्याकाळच्या दादर स्टेशनसारखे. थेंब गार झाला तशी गर्दी मंदावली आणि थांबली. आमच्या सरांनी फक्त एवढंच विचारलं, «आता सांगा, मेंढी कोण आहे यात?»

हे जंतू चारा आंबवतात. आंबवताना जी आम्लं तयार होतात, व्हिनेगरमधलं आम्ल हे त्यातलंच एक, ती पोटाच्या भिंतीतून थेट रक्तात जातात आणि मेंढीच्या ऊर्जेचा निम्म्याहून मोठा वाटा तिथूनच येतो. जंतू वाढतात, पुढे सरकतात, चौथ्या म्हणजे खऱ्या पोटात जाऊन मरतात आणि पचतात. मेंढीला मिळणाऱ्या प्रथिनांतला मोठा भाग हाच. म्हणजे तुमचा चारा जंतू खातात आणि मेंढी जंतूंना खाते. पेंड विकत घेता ती मेंढीसाठी, पण पंगतीला आधी बसतात ते हे.

आता त्या मक्याच्या रात्रीकडे येऊ. तेव्हा आत काय झालं ते कळलं, की बाकीच्या प्रश्नांची अर्धी उत्तरं तुमची तुम्हालाच मिळतील.

चाऱ्यावरच्या मेंढीच्या कोटीपोटात सामू (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ६ ते ७ च्या मध्ये असतो. तिथं धागा तोडणारे जंतू मजेत असतात. त्यांची वाढ सावकाश, काम सावकाश. अशा पोटात एकदम किलोभर बारीक भरडा आला की पिठूळ माल खाणारे जंतू उठतात. त्यांच्यात स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस नावाचा एक आहे. भरपूर स्टार्च मिळाला तर तो इतक्या झपाट्यानं दुप्पट होतो की बाकीच्यांना श्वास घ्यायला सवड मिळत नाही. आणि तो लॅक्टिक आम्ल सोडतो, दह्याला आंबट करणारं तेच, पण नेहमीच्या आम्लांपेक्षा कितीतरी जहाल. हे आम्ल खाऊन संपवणारेही जंतू पोटात असतात, पण त्यांची संख्या वाढायला दोन-तीन आठवड्यांची सवय लागते. तुमच्या रोजच्या भरड्यामुळे थोडे तयार असतील. पोत्याच्या रात्रीला ते पुरणार नव्हते.

सामू साडेपाचाखाली गेला की धागा तोडणारे गळाठतात. पाचाखाली गेला की आदिजीव मरतात, कोटीपोटाची हालचाल थांबते आणि रवंथ बंद होतो. रवंथ बंद म्हणजे लाळ बंद, आणि लाळ बंद म्हणजे घरचा सोडाच बंद. मेंढी दिवसाला कित्येक लिटर लाळ गिळते आणि त्या लाळेत भरपूर बायकार्बोनेट असतं, म्हणून एरवी आम्ल आपोआप मारलं जातं. इकडे पोटातलं पाणी इतकं दाट होतं की ते रक्तातलं पाणी ओढून घेतं. म्हणून पोट डबडबतं, हलवलं तर घागरीसारखं वाजतं, आणि मेंढी मात्र आतून कोरडी पडते, डोळे खोल जातात. बारा तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी ती लडखडते, पाय टाकत नाही, आंबूस वासाची पातळ हगवण लागते. त्या सात मेंढ्यांत यातलं काय काय दिसलं होतं, ते आता आठवून बघा.

आणि अशा वेळी आंबट ताक. शेजाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण जिचं पोट लॅक्टिक आम्लानं भरलंय, तिला आपण वरून आणखी लॅक्टिक आम्ल पाजलं. दुकानदारांच्या गोळ्या बहुतेक अँटिबायोटिकच्या असाव्यात. तोंडावाटे दिलेलं अँटिबायोटिक आधी कोटीपोटात उतरतं आणि जे थोडे जंतू तग धरून राहिलेत, त्यांनाही आडवं करतं. एकाच दिवशी सकाळी जंतूंची पुडी आणि दुपारी जंतू मारायची गोळी दिलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. दोन्हीचं बिल एकाच दुकानाचं होतं.

पुढे कधी असं झालं तर, आणि कडी बदलली नाही तर होईलच, खुराक तत्काळ बंद करा आणि समोर नुसता लांब कडबा ठेवा. पहिल्या काही तासांत, मेंढी उभी असेल आणि स्वतः गिळत असेल तरच, १५ ते २० ग्रॅम खायचा सोडा अर्धा लिटर पाण्यात विरघळवून सावकाश पाजा. आडव्या पडलेल्या मेंढीच्या तोंडात काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. मग जनावरांच्या डॉक्टरांसाठीच्या १९६२ या क्रमांकावर फोन करा. सकाळ व्हायची वाट बघू नका. डॉक्टर नळी घालून पोट रिकामं करू शकतात, शिरेतून सलाईन देऊ शकतात, बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. ते इंजेक्शन का, तर एरवी बी गटातली जीवनसत्त्वं कोटीपोटातले जंतूच तयार करतात. अशा वेळी जंतू बिघडतात, उलट बी-१ मोडणारा पदार्थ तयार होतो, मेंदूला सूज येऊन मेंढी आंधळ्यासारखी भिंतीला डोकं लावून उभी राहते. तुमच्या रोजच्या बी-कॉम्प्लेक्सचा हिशेबही इथेच निकाली काढते. कोटीपोट ठीक असलेल्या मोठ्या मेंढीला ते रोज लागत नाही. ती घरी करते, तुम्ही बाजारातून आणता.

दोन मेंढ्या कशानं गेल्या हे इथे बसून मी सांगणार नाही. पोत्यामुळे गेल्या असतील हे उघडच आहे. पण अति खुराक पोटातून पुढे आतड्यात गेला की आंत्रविषाराचे जंतूही फोफावतात आणि चांगली टगी, सगळ्यात जास्त खाणारी मेंढी, मान मागे टाकून, झटके देऊन तासाभरात मरते. ती आजारी दिसायलाही वेळ देत नाही. आंत्रविषाराची लस टोचली आहे का, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. साडेचार हजारांच्या यादीत ती नाही, यावरून अंदाज येतो. पहिल्यांदा टोचत असाल तर दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा, पुढे दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर. आणि पुन्हा एखादी दगावली तर पुरण्याआधी शवविच्छेदन करून घ्या.

आता पाकीट. तुमच्या पावडरीचं नाव मी छापलेलं नाही आणि दुसरी कुठली सुचवणारही नाही, पण एक गणित मांडते. समजा, पाकिटावर एका ग्रॅमला १०० कोटी जिवंत जंतू लिहिलेत आणि ते खरंच जिवंत आहेत. तुम्ही ५ ग्रॅम देता. झाले ५०० कोटी. आकडा ऐकून छाती फुगते. कोटीपोटात नुसते ५ लिटर धरले तरी तिथे आधीच ५० लाख कोटी बसलेत. म्हणजे दहा हजार वस्तीच्या गावात एक पाहुणा उतरला. त्याला घर नाही, शेत नाही, ओळख नाही. गाव त्याच्यासाठी बदलेल का? तो दोन दिवस राहील, लेंडीबरोबर निघून जाईल, आणि तुम्ही तिसऱ्या दिवशी पुन्हा पाच ग्रॅम टाकाल.

पाहुणा टिकतो कधी, तर गावात एखादं काम पडून असतं, ते करणारं कुणी नसतं आणि याला तेवढंच येतं, तेव्हा. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुरेख उदाहरण तुमच्याच बांधावर उभं आहे. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन नावाचं विष असतं. पोटात गेल्यावर त्याचं आणखी एक विष बनतं, ते गळ्याच्या ग्रंथीवर परिणाम करतं. ऑस्ट्रेलियात सुबाभळीवर चरणाऱ्या गुरांचे केस झडायचे, वजन घटायचं. पण हवाई बेटांवर तीच सुबाभूळ खाऊन शेळ्या ठणठणीत. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाला यातच मेख दिसली. झाड एकच, जनावरही तसंच, मग फरक पोटातल्या जंतूंत असणार. १९८०च्या दशकात हवाईच्या शेळ्यांच्या कोटीपोटातले जंतू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडले आणि विषबाधा थांबली. पुढे त्यातला एक जिवाणू वेगळा काढता आला. १९९२ मध्ये त्याला नाव दिलं ते जोन्स यांच्यावरूनच, सिनर्जिस्टेस जोन्सी. तो एकदा सोडला की पुन्हा पुन्हा पाजावा लागत नाही, एकाच कळपातल्या जनावरांत आपोआप पसरतो. कारण त्याचं खाणंच ते विष आहे आणि ते दुसरं कुणी खात नाही.

आपल्याकडे बायफ या ग्रामविकास संस्थेनं सुबाभूळ गावोगावी नेली आणि चांगलंच केलं. कोरड्या भागात उन्हाळ्यात हिरवं, प्रथिनांचं काहीतरी मिळतं. पण ती पोटभर द्यायची वस्तू नाही. मिमोसिननं लोकरीची वाढ मुळाशीच खंडते आणि लोकर हातात येते, इतकी की लोकर कातरण्याऐवजी ते वापरता येईल का, याचे प्रयोगही झालेत. तुमच्या ज्या दोन मेंढ्यांची लोकर मूठमूठ निघते, त्या सुबाभळीवर जास्त तुटून पडतात का बघा. मक्याच्या रात्री आजारी पडलेल्यांतल्याच त्या असतील तर मात्र आजाराच्या धक्क्यानंही लोकर सुटते, मग घाबरू नका, नवी येईल. काहीही असो, सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या चौथ्या हिश्शावर आणा, आणि बाकी तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट, भुईमुगाचा पाला, जे हाताशी असेल ते.

यीस्टबद्दल मात्र थोडं वेगळं बोलायला हवं, नाहीतर मी अन्याय केल्यासारखं होईल. पाकिटावर सॅकरोमायसीस सेरेव्हिसी असं लिहिलं असेल तर ते जिवंत यीस्ट, पावाचं खमीर असतं त्याच घराण्यातलं. तेही कोटीपोटात घर करत नाही. पण जोवर असतं तोवर चाऱ्या-पाण्याबरोबर आत आलेला ऑक्सिजन खाऊन टाकतं, आणि ऑक्सिजन म्हणजे तिथल्या रहिवाशांना विषच. शिवाय लॅक्टिक आम्ल खाणाऱ्यांना त्याचा टेकू मिळतो. खुराक जास्त असलेल्या जनावरांत त्याचा उपयोग दिसलाय. मेंढ्यांवरच्या प्रयोगांत कुठे फायदा, कुठे शून्य. म्हणजे ईदच्या आधीच्या दोन महिन्यांत नरांना यीस्ट दिलंत तर मी अडवणार नाही. पण रोज द्यावं लागेल, आणि ते जिवंत असायला हवं. एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं, तारीख उलटलेलं, गरम पाण्यात कालवलेलं यीस्ट म्हणजे महागडं पीठ.

लिव्हर टॉनिक आणि एन्झाइमची पुडी बंद करा. एन्झाइम हे प्रथिनच, कोटीपोटातले जंतू त्याचाही बराचसा फडशा पाडतात. यावर आणखी शाई घालवत नाही.

पण गाईचं खनिज मिश्रण! तुमचं पत्र वाचताना मी खुर्चीतून उठले ती या ओळीवर. मेंढी आणि तांबं यांचं वैर आहे. गाईला जेवढं तांबं सहज चालतं, तेवढं मेंढीच्या यकृतात साचत राहतं. महिनोन्‌महिने काहीच दिसत नाही, जनावर खातं-पितं. मग एखाद्या दिवशी, प्रवासाच्या किंवा आजाराच्या ताणानं, ते सगळं एकदम रक्तात सुटतं, तांबड्या पेशी फुटतात, डोळे-हिरड्या पिवळ्या पडतात, लघवी काळपट लाल होते, आणि दोन दिवसांत मेंढी संपते. चुरशीनं पोसलेले नर बाजाराच्या आदल्या आठवड्यात असे गेलेले मी पाहिलेत. लिव्हर टॉनिकनं हे अडत नाही. मेंढ्यांसाठी म्हणूनच बनवलेलं, तांबं नसलेलं किंवा अगदी कमी असलेलं मिश्रण मिळतं. तेच घ्या. त्यात कोबाल्ट असावं, कारण कोबाल्टपासून बी-१२ बनवतात तेही पोटातले जंतूच. आणि थोडं गंधक असावं, कारण लोकर गंधकाच्या प्रथिनांची बनते आणि त्यातली बरीचशी जोडणी पुन्हा तिथेच होते. सैंधवाचा खडा टांगून ठेवा. एवढी पुरवणी पुरते.

खुराकाचं आता सांगते, कारण तुमच्या पातळ लेंडीचं आणि दात खाण्याचं मूळ इथेच आहे, असं मला वाटतं. ३० किलोची मेंढी दिवसाला कोरड्या वजनात सव्वा किलोच्या आसपास खाते. त्यातला निम्मा वाटा तुम्ही बारीक भरड्याचा देताय, तोही सकाळी एकदाच, उपाशीपोटी. म्हणजे पोत्याची ती रात्र तुमच्याकडे रोज सकाळी थोडी थोडी येते. चारा आधी द्या, खुराक नंतर, आणि तो दोन-तीनदा वाटून. आज एकदम ६०० वरून काही करू नका, उतरवायचं तेही पायरीपायरीनं. मेंढ्यांना १०० ते १५० ग्रॅमवर आणा, गाभण आणि दुभत्या असतील तर थोडं जास्त. नरांना ३५० ते ४०० पर्यंत ठेवा, त्यात अर्धा मका आणि अर्धी पेंड-चुणी. पुढे कधी वाढवायचा झाला तर दर तीन-चार दिवसांनी ५० ग्रॅम, त्याहून घाई नको. या वेळेत जंतूंची गर्दी बदलते. नवा चारा आणला तरी हाच नियम, आठ-दहा दिवस जुन्यात मिसळत जा.

आणि मका भरडू नका. खरंच. मेंढी गाईसारखी नाही, ती दाणा नीट चावते आणि रवंथात पुन्हा दळते. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनच्या रोवेट संस्थेत ऑर्स्कोव्ह यांनी १९७०च्या दशकात कोकरांना अख्खा जव घालून पाहिला. दळलेल्यापेक्षा कोटीपोटातलं आम्ल कमी, पोटाच्या आतल्या अस्तराला इजा कमी, वाढ तीच. अख्खा दाणा हळूहळू सुटतो आणि चावताना लाळ सुटते. गिरणीचे पैसे वाचतील ते वेगळेच. फक्त जुना, बुरशी लागलेला मका नको, आणि लहान कोकरांना तो जाडसर भरडून दिलेला बरा.

कुट्टी फार बारीक झाली तरी रवंथ मंदावतो. कडबा दोन-तीन इंचाचा कापा, शक्यतो थोडा लांबच टांगून ठेवा. लोकर उपटून खाण्याची सवय लागली असेल तर तीही यानं कमी होते. खुराकात शेकडा एक खायचा सोडा मिसळला तर नरांना चालेल. मात्र नरांच्या खुराकात चुनखडीची पूड शेकडा एक ते दीड नक्की घाला आणि पाणी कायम भरलेलं ठेवा. धान्यावरच्या नरांना मुतखडा होतो, लघवी तुंबते, आणि ईदच्या तोंडावर ते तुम्हाला परवडणार नाही.

कोकरं होतील तेव्हा त्यांना बाटलीवर वेगळं ठेवू नका, अगदी नाइलाज झाल्याशिवाय. जन्मतः त्यांचं कोटीपोट चिमुकलं असतं आणि दूध अन्ननलिकेच्या घडीतून थेट खऱ्या पोटात जातं. जंतू येतात ते आईच्या चाटण्यातून, लाळेतून, गव्हाणीतल्या उष्ट्यातून. जन्मापासून मोठ्या मेंढ्यांपासून दूर ठेवलेल्या कोकरांच्या पोटात आदिजीव येतच नाहीत, हे प्रयोगांतून दिसलंय. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून समोर चिमूटभर कोवळा पाला आणि जाडसर खुराक ठेवा. दोन महिन्यांत ते पोट कामाला लागतं.

आता आबांचा रवंथ. पशुवैद्यकात आम्ही जे कोटीपोटाच्या पाण्याचं आरोपण म्हणतो, ते हेच आहे, फक्त आम्ही नळी वापरतो. निरोगी मेंढीच्या पोटातलं ताजं, कोमट पाणी गाळून अर्धा ते एक लिटर आजारी मेंढीच्या पोटात सोडायचं. खाटीकखान्यातूनही मिळतं, पण तासाभरात पोहोचायला हवं. त्यात लाखो कोटी जंतू असतात, त्याच गावचे, एकमेकांना ओळखणारे, आणि त्यांच्याबरोबर आदिजीव आणि बुरशीही. एवढं बाजारातल्या कुठल्याही पुडीत नाही. आबांच्या घासात माल थोडा, पण जात खरी. दोन गोष्टी मात्र पाळा. एक, आम्ल आधी काढायचं किंवा मारायचं, नाहीतर पाहुणे आंघोळ करायला उकळत्या पाण्यात उतरतील. दोन, ज्या मेंढीकडून घ्यायचं ती खरोखर निरोगी हवी, पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) लस टोचलेली, हगवण नसलेली, नुकतीच बाजारातून आणलेली नव्हे. आणि हे काम डॉक्टरांकडून.

बंदिस्त की हिंडवायचं, या तुमच्या आणि आबांच्या भांडणात मी पडत नाही. पण एक सुचवते. सकाळचे दोन-तीन तास मेंढ्या आबांच्या हाती द्या. ती वाघूर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, बांधायची म्हणतील तर बांधू द्या. वीस प्रकारचा पाला दहा-दहा घास खाणारी मेंढी तिच्या जंतूंना जितके चवीचे खाद्य देते, तितकं तुम्ही गव्हाणीत उतरवू शकणार नाही. शिवाय आबा संध्याकाळी डाव्या भकाळीत मूठ ठेवून बघतील आणि सांगतील कुणाचं पोट हललं नाही. तुम्हीही शिका. मिनिटाला एक-दोनदा आतून लाट येऊन मुठीला ढकलते. दुपारी सगळा कळप निवांत बसलेला असताना मोजा, निम्म्याहून जास्त मेंढ्या तोंड हलवत असायला हव्यात. नसतील तर त्या दिवशीचा खुराक कमी, पुडी नव्हे.

पंधरा दिवस हे करून कळवा. लेंडी बांधलेली, वेगवेगळी पडायला लागली का, दात खाणं थांबलं का. तरीही हगवण राहिली तर लेंडीचा नमुना तालुक्याच्या दवाखान्यात द्या, जंत किंवा रक्ती हगवणीचे परजीवी असू शकतात, आणि ते तपासल्याशिवाय जंतनाशक ओतू नका. खोलीला नवी कडी आणि वर एक कुलूप लावा.

खनिज मिश्रणाच्या पिशवीच्या मागच्या बाजूचा फोटो मात्र लगेच पाठवा, तांब्याचा आकडा मला बघायचाय. आणि फोटो काढून झाला की ती पिशवी आजच गाईच्या गोठ्यात नेऊन ठेवा.